खेळण्याला कुंकू

नवरात्र बसलं की रावेतहून मोशीला, आईअप्पांकडे जाताना मी मुद्दाम आतल्या रस्त्याने जाते. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूच्या राशी लागलेल्या असतात. टेम्पोच्या फाळक्यावर, गोणपाटावर, फूटपाथवर, जागा मिळेल तिथे केशरी आणि पिवळे ढीग. सिग्नलला थांबलं की गाडीच्या काचेशी हार येतात. ‘घ्या ना ताई, सकाळीच तोडलाय.’ मी काच वर करते. फुलावर कुणी राग धरतं का? मी धरते. गुलाबावर नाही, शेवंतीवर नाही, फक्त झेंडूवर. त्याचा वास काचेच्या फटीतून आत आलाच, तर मागोमाग मशीनच्या तेलाचा आणि उदबत्तीचा वासही येतो, आणि तो मग दिवसभर जात नाही.

बाकी जगाला दसरा मोठा. आमच्या या भोसरी-चाकण पट्ट्यात मान खंडेनवमीचा. आदल्या दिवशी कंपनीत झाडलोट सुरू होते. वर्षभराचं काळं तेल खरवडून काढतात, मशीन डिझेलने पुसतात, लाल-पिवळ्या रंगाचे हात मारतात. सकाळी हार, नारळ, पेढे. क्रेनला हार, फोर्कलिफ्टला हार, कामगारांच्या बसला हार, चहाच्या टपरीवरच्या स्टोव्हलासुद्धा एक फूल. आणि मग ते होतं, ज्यासाठी मला लहानपणी हा दिवस आवडायचा. पूजेपुरत्या सगळ्या मशिनी बंद होतात. आमच्या घराच्या मागेच लहान-लहान वर्कशॉप होती, दिवसरात्र पत्रा ठोकणारी. भांड्यांची मांडणी सतत बारीक थरथरायची आणि आम्हाला ते कळायचंही नाही. खंडेनवमीला ती थरथर थांबायची, तेव्हा कळायचं. ताटल्या गप्प. आई म्हणायची, ‘आज घर बसलं गं खाली.’

त्या दिवसाची आणखी एक रीत होती. एरवी कंपनीच्या गेटमधून माशी आत जाणार नाही, पण खंडेनवमीला बायकापोरांना आत सोडायचे. नव्या साड्या नेसलेल्या बाया ऑइलचे डाग चुकवत चालायच्या, पोरं मशीनला हात लावायची, आणि बाप आपल्या वयात आलेल्या मुलाला घेऊन साहेबापुढे उभे राहायचे. कुणी उघड काही मागायचं नाही. ‘साहेब, हा आमचा धाकटा,’ एवढंच. साहेब पेढा घेता घेता विचारायचे, काय शिकतोस, आणि मनात टिपून ठेवायचे. भरती निघाली की ते आठवायचे. मुलगी बघायला येतात तसा हा मुलगा दाखवायचा कार्यक्रम. वर्षातून एकदाच. चुकला की पुढची खंडेनवमी.

मला जे नवरात्र आठवतं, त्या नवरात्रात आमच्या निलेशला दाखवायचं होतं.

निलेश माझा धाकटा भाऊ. तेव्हा आयटीआयला फिटर ट्रेड करत होता. अप्पा, म्हणजे आमचे वडील, धाराशिवकडून तरुणपणी इकडे आले आणि एकाच कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांचे केस पांढरे झाले. कमी बोलणारा, हजेरीला पक्का माणूस. आई वाकडला एका टॉवरमध्ये स्वयंपाकाला जायची. त्या घरातला मुलगा मोठा झाला, त्याचं मन मोबाइलवर गेलं, आणि त्याचा हातातला गेम एक दिवस आईच्या पिशवीतून आमच्या दोन खोल्यांत आला. काळा, तळहाताएवढा लांबट, मध्ये पडदा, डाव्या बाजूला बाण आणि उजव्या बाजूला चार बटणं. चौकोन, त्रिकोण, गोल, फुली. चार्जरच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली. आत एकच खेळ होता आणि तो ब्रेकडान्सच्या स्पर्धेचा होता.

मारामारी नाही, गाड्या नाहीत, बंदूक नाही. नुसती नाचणारी पोरं. ढगळ विजारी, टोप्या, कुठल्या तरी परक्या शहरातला पुलाखालचा रस्ता, भोवती रिंगण करून उभे असलेले लोक. एक नाचून दाखवणार, मग दुसरा त्याला उत्तर देणार. बीटवर बटणं दाबायची. बाणांनी पाय चालायचे, फुलीने तो जमिनीवर पडून भिंगरीसारखा फिरायचा. सगळ्यात अवघड होतं ते फ्रीझ. नाचता नाचता मध्येच उलटं होऊन एका हातावर थांबायचं, अगदी पुतळा. त्यासाठी दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं बरोबर एकाच क्षणी दाबावी लागायची. डावं आधी पडलं तरी गडी आडवा, उजवं आधी पडलं तरी आडवा. जमलं की ते कागदी चित्रांसारखे लोक हात वर करून ओरडायचे. मला कधीच जमलं नाही. निलेश मला म्हणायचा, ‘ताई, तू बटण दाबतेस. दाबायचं नसतं, वाजवायचं असतं.’

तो आधी अंगठ्यांनी नाचायला शिकला आणि मग अंगाने. गेममधला माणूस तो थांबवून थांबवून बघायचा. कोपर कुठे टेकलंय, डोकं कुठल्या बाजूला वळलंय. मग गच्चीवर. गच्चीच्या खरबरीत सिमेंटवर पाठ सोलून निघाली, तेव्हा त्याने आणि विकीने, त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताने, कुठून तरी वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स पैदा केला. एका भावी नगरसेवकाचा. छापलेली बाजू जास्त गुळगुळीत असते, म्हणून ती वर. मधोमध भाऊंचा हसरा, गॉगल लावलेला चेहरा आणि भोवती टिकलीएवढे कार्यकर्ते. आमचा निलेश त्या कपाळावर डोकं टेकवून गरागरा फिरायचा. वर्षभरात भाऊंच्या मिशा झिजून गेल्या. ‘विकासपुरुष गुळगुळीत झाले राव,’ विकी म्हणायचा आणि दोघं पोट धरून हसायचे. कपडे वाळत घालायला गेलेल्या बाया आधी नाकं मुरडायच्या, नंतर बादली बाजूला ठेवून बघत उभ्या राहायच्या. मीसुद्धा. घरात पाण्याचा तांब्या उचलायला सांगितला तर आळस करणारा हा मुलगा एका हातावर उलटा थांबायचा, पाय आकाशात, आणि त्याच्या पायांच्या मागे आमच्याच एमआयडीसीची धुरांडी दिसायची. त्या वेळी तो मला माझा भाऊ वाटायचा नाही. कुणी तरी जास्त सुंदर माणूस वाटायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. भावाला असं कोण सांगतं?

त्या वर्षी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शहरातल्या पोरांची डान्स स्पर्धा होती. निलेश आणि विकीची जोडी भर उन्हात पहिल्या फेरीत नाचली आणि निवडली गेली. शेवटची फेरी खंडेनवमीला होती, सकाळी. बाहेरगावचे परीक्षक, जिंकणाऱ्यांना पुढे मुंबईला नेणार अशी कुजबुज. जोडीचा नाच, त्यामुळे एकटा विकी गेला तर उपयोग नव्हता.

घरात यावर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. अप्पांनी पिंपरीच्या बाजारातून निलेशसाठी नवा शर्ट आणला. फिकट निळा, साहेबांच्या शर्टासारखा. आईने इस्त्री करून तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. नवरात्रभर तो तिथेच होता. निलेश येता-जाता त्याच्याकडे बघायचा. आई त्याला एकटं गाठून म्हणाली, ‘अप्पांनी साहेबांना शब्द दिलाय रे. आता त्यांचं वय काय हुभं राह्यचं हाय का कुणाम्होरं?’ निलेश म्हणाला, ‘मी कुठं काय म्हणालो?’ आणि खरंच, त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्याकडे पाटावर पूजा असायची. अप्पांचं मोजमापाचं व्हर्नियर, त्याच्या मखमली खाचेच्या पेटीसकट. त्यांचा पाना, कानस. आईची विळी आणि लाटणं. माझा कॅल्क्युलेटर. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, हत्याराला तेवढीच विश्रांती. म्हणून आई त्या दिवसाची भाजी आधीच चिरून ठेवायची. मी रांगोळी काढत होते, तेव्हा निलेश आला आणि त्याने तो काळा गेम पुसून व्हर्नियरच्या शेजारी ठेवला. एकदम नीट, सरळ रेषेत.

अप्पा आंघोळ करून आले. बघत राहिले.

‘हे काय ठेवलास?’

‘माझं हत्यार,’ निलेश म्हणाला. हसत म्हणाला, पण आवाज हसरा नव्हता.

‘खेळण्याला कुंकू लावत नसतेत, बाळा. ज्याच्यावर पोट भरतंय, त्याची पूजा असती.’

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. आपटला नाही, फेकला नाही. उचलला आणि कपाटावर ठेवला, हात पोचणार नाही असा. मग खाली बसून व्हर्नियरला कुंकू लावलं. ‘चल, शर्ट घाल. उशीर व्हायलाय.’

खालून विकीची हाक आली. ‘निल्या! ये ना भावा, बस निघंल!’ निलेश खिडकीशी गेला. शर्टाची बटणं लावता लावता त्याने खाली बघून नुसती नकाराची मान हलवली. विकी थोडा वेळ थांबला. त्याच्या पाठीवर सॅक होती आणि हातात त्या फ्लेक्सची गुंडाळी, तिथे कशी जमीन असेल कुणास ठाऊक म्हणून बरोबर घेतलेली. ‘बरं राव,’ म्हणाला आणि गेला. त्यावरून त्या दोघांची मैत्री तुटली वगैरे नाही. विकी आजही भेटला की हसतो. पण ती गुंडाळी परत गच्चीवर आली नाही.

कंपनीत आम्ही चौघंही गेलो. प्रेस शॉपमधल्या, पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या अवाढव्य मशिनी हार घालून गप्प उभ्या होत्या, जत्रेतल्या बैलांसारख्या. साहेब भला माणूस होता. पेढा खाल्ला, निलेशचे मार्क विचारले. मग अप्पांना म्हणाले, ‘पोरगा चुणचुणीत दिसतोय. काही छंद वगैरे?’

अप्पा घाईने म्हणाले, ‘न्हाई न्हाई साहेब, काहीच नाद न्हाई पोराला.’

त्यात अप्पांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांच्या दुनियेत ते प्रशस्तिपत्र होतं. मी निलेशकडे पाहिलं. तो साहेबांकडे बघत नव्हता. तो शेजारच्या प्रेसकडे बघत होता, तिच्या पुढच्या पट्टीवर कमरेच्या उंचीला असलेल्या दोन मोठ्या हिरव्या बटणांकडे. परत निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘ताई, कळलं का? दोन हात, दोन बटणं, एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. फ्रीझसारखंच आहे.’ त्याला ते आवडलं होतं, हे मला आज सांगावंसं वाटतं. लोकांना वाटतं, ज्याचा नाच सुटला तो रोज कुढत कामाला गेला असेल. तसं नसतं. आयटीआय संपल्यावर तो कॉन्ट्रॅक्टवर लागला, पुढे कंपनीचा नवा प्लांट चाकणला झाला तिकडे गेला. सगळ्या शिफ्टमध्ये त्याच्याएवढा वेगाचा ऑपरेटर नव्हता. पत्रा आत, बटणं, धाड, वस्तू बाहेर. अप्पा घरी येऊन सांगायचे, सुपरवायझर काय म्हणाला ते. त्यांचा ऊर भरून यायचा. आणि निलेशही लाजून म्हणायचा, ‘टायमिंग आहे अप्पा, बाकी काय.’ कपाटावरच्या गेमचं नाव कुणी काढलं नाही. मित्राच्या हळदीला कुणी आग्रह केलाच तर तो दोन गिरक्या घ्यायचा, आणि लगेच घाम पुसत बाजूला व्हायचा.

मी विचार करते, माणसाच्या अंगात शिकलेली गोष्ट जाते कुठे? सायकल विसरत नाही म्हणतात, पोहणं विसरत नाही. मग नाच? तो अंगातच राहतो आणि दुसरं काम शोधतो. निलेशचा नाच त्याच्या दोन हातांत जाऊन बसला. आणि चाकणच्या पट्ट्यात बीटची काही कमतरता नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी मी काच वर करते.

अप्पांची निवृत्ती जवळ आली, त्यांची ती कंपनीतली शेवटची खंडेनवमी होती. त्यांनी मोशीच्या रस्त्यावरून भलामोठा हार घेतला, दोन माणसांनी धरावा एवढा. आपल्या टूलरूममधली पूजा आटोपल्यावर ते चाकणच्या प्रेस शॉपमध्ये गेले, स्टूल मागवलं, आणि निलेशच्या मशीनवर तो हार स्वतः बांधला. अगदी वर. इतर हार बाजूला असतात, पण अप्पांना तो समोरून दिसायला हवा होता. लोक म्हणाले, अप्पा, जपून. अप्पा म्हणाले, ‘लेकाची मशीन हाय.’ त्याचा फोटो आहे आमच्याकडे. स्टुलावर अप्पा, खाली निलेश स्टूल धरून उभा, दोघंही हसताहेत.

दसऱ्याची सुट्टी झाली. मशिनी परत सुरू झाल्या. पूजेचा हार कुणी काढत नाही, तो सुकून आपोआप गळेपर्यंत राहू देतात, हे आमच्याकडचं सगळ्यांना माहीत आहे. आणि आमच्याकडचं आणखीही एक सगळ्यांना माहीत आहे. त्या दोन हिरव्या बटणांपैकी एक, लाकडाची चिपाटी खुपसून, दाबलेलंच ठेवायचं. मग एका हाताने मशीन चालते आणि दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. टार्गेट त्याशिवाय होत नाही. सुपरवायझर आला की चिपाटी खिशात, गेला की परत जागेवर.

हे सगळं मला निलेशने दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. उजव्या हाताला एवढं मोठं बँडेज. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं. तो रडत नव्हता. एखादी नाचातली चूक समजावून सांगावी तसा सांगत होता.

‘ताई, डावा हात बटणावर होता. उजव्या हाताने पत्रा सरकवला. आणि वरून फूल पडलं.’

‘कसलं फूल?’

‘झेंडूचं. हारातलं. खालच्या साच्यावर, डायवर पडलं, बरोबर मध्ये. पूजेचं फूल होतं गं. चेंगरू कसं देणार?’

त्याचा उजवा हात फूल उचलायला आत गेला. नुसती चिमूट. आणि डावा हात त्याच्या वेळेवर खाली आला. ‘मी थांबवलाच नाही त्याला,’ निलेश म्हणाला. ‘त्याची बीट आली होती ना.’ मग म्हणाला, ‘अप्पांना फुलाचं सांगू नकोस.’

मी सांगितलं नाही. पण प्रेस शॉपमध्ये काय लपतं? बाजूच्या मशीनवरच्या कुणी तरी सांगितलं असणार. कारण त्या वर्षापासून अप्पांनी आमच्या घरात झेंडू येऊ दिला नाही. तोरण नाही, हार नाही, देवाला फूल नाही. दसऱ्याला दाराला नुसती आंब्याची पानं. आईने एकदा बाजारातून दोन फुलं आणली, तर अप्पा उठले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसून राहिले. जेवायलासुद्धा आत आले नाहीत. पाटावरची पूजाही बंद झाली. कशाची करणार? आणि या सगळ्याबद्दल बाप आणि लेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. निलेशला वाटायचं, अप्पांनी पूजेवरच राग धरलाय, फुलाचं त्यांना माहीत नाही. अप्पांना वाटायचं, निलेशला वाटतं ते तसंच राहू दे. दोघं एका घरात राहून एकमेकांना सांभाळत होते, आणि त्या सांभाळण्याने घर गुदमरलं होतं. माहेरी गेले की माझा जीव दोन तासांत घुसमटायचा. मी रावेतला माझ्या घरी परत येऊन खिडक्या उघडायचे.

निलेश आता महाळुंग्याकडे एका गोडाऊनच्या गेटवर असतो. ट्रक आला की गाडी नंबर बघायचा आणि एक बटण दाबायचं, की आडवा दांडा वर जातो. ‘आता एकच बटण आहे ताई, टेन्शनच नाही,’ म्हणतो. तो विनोद करतो तेव्हा मला जास्त भीती वाटते. उजवा हात खिशात ठेवायची त्याला सवय झाली आहे. फोटो काढताना खिशात, पाहुणे आले की खिशात. लग्नाचं विचारलं की विषय बदलतो. पाय मात्र धडधाकट आहेत त्याचे, पाठ धडधाकट आहे. मांडवात गाणं लागलं की मी चोरून त्याच्या पावलांकडे बघते. ती हलत नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळीच अप्पांचा फोन आला. ते फोन करत नाहीत, आईला लावायला सांगतात. ‘यायलीस ना?’ म्हणाले. ‘पाट मांडायलोय.’ एवढंच बोलून ठेवून दिला.

मी पोचले तर खरंच पाट मांडलेला. अप्पा आता थकलेत, खाली बसायला त्यांना भिंतीचा आधार लागतो. व्हर्नियर होतं. पाना, कानस. आईची विळी. फुलं नव्हती. अप्पांनी त्यांची जुनी हत्यारांची पेटी जवळ ओढली, तिच्या तळातून मशीन पुसायच्या कापडी चिंध्यांत गुंडाळलेलं काही तरी काढलं, आणि एकेक घडी उलगडत ते पाटावर ठेवलं. तो काळा गेम होता. आम्हाला वाटलं होतं घर रंगवताना कधीच भंगारात गेला. तो इतकी वर्षं अप्पांच्या पेटीत होता. त्याचा पडदा चकचकीत होता आणि सगळी बटणं तेलाने माखलेली. गंज धरू नये म्हणून अप्पा त्याला मशीनचं तेल लावत आले होते. प्लॅस्टिकला गंज धरत नाही हे टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला माहीत नसेल का? पण वस्तू जपायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

निलेश रात्रपाळी करून आला होता. दारातच थांबला. अप्पा त्याच्याकडे न बघता बोट कुंकवात बुडवत होते.

‘अप्पा,’ तो म्हणाला, ‘ज्याच्यावर पोट भरतं, त्याची पूजा असते ना?’

त्याने ते टोचायला म्हटलं नव्हतं. मला त्याचा आवाज ओळखता येतो. त्याला खरंच प्रश्न पडला होता. पण अप्पांचं बोट हवेतच राहिलं. आई पदराशी चाळा करत उभी. मी रांगोळीचा डबा घट्ट धरला. मागच्या वर्कशॉपमध्येही पूजा चालू असणार, कारण मांडणीतली भांडी गप्प होती.

‘माझंच चुकलं,’ अप्पा म्हणाले. ‘तवाबी, आन् हाराचंबी.’

निलेश चपला काढून आत आला. बापाच्या शेजारी खाली बसला. खिशातून उजवा हात काढला आणि त्या हाताने, उरलेल्या तीन बोटांनी, अप्पांचं मनगट धरून खाली आणलं. कुंकू गेमच्या पडद्यावर लागलं, मधोमध. ‘फुलाचं कुणी सांगितलं तुम्हाला?’ त्याने विचारलं. अप्पा रडत होते. निलेशही. मला वाटलं होतं हे एकदा बोललं गेलं की घर हलकं होईल. तसं काही झालं नाही. फक्त आता सगळ्यांना सगळं माहीत आहे, हे सगळ्यांना माहीत झालं. हलकं नाही, पण निदान दार उघडं.

दसऱ्याला दुपारी पाट उचलला. अप्पांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, आम्ही पाया पडलो. मग निलेशने चार्जर लावला. बॅटरी कधीच मेली होती, पण वायर जोडलेली ठेवली तर चालत होता. तोच पुलाखालचा रस्ता, तेच रिंगण. डावा अंगठा त्याने बाणांवर ठेवला. उजवीकडे फुली, गोल, सगळं मोकळं. तो त्या रिकाम्या बटणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, तू बस इकडे.’

मी त्याला खेटून बसले. डावी बाजू त्याची, उजवी माझी. तेलाने माझा अंगठा घसरत होता. ‘आता,’ तो म्हणायचा, आणि मी दाबेपर्यंत बीट निघून गेलेली. पडद्यावरचा माणूस उलटा व्हायचा, हातावर यायचा आणि धप्पकन पडायचा. पुन्हा. पुन्हा. ‘दाबू नकोस, वाजव,’ निलेश म्हणाला. इतक्या वर्षांनी. मला बटणं दिसेनाशी झाली.

अप्पा भिंतीला टेकून केव्हापासून बघत होते कुणास ठाऊक. चष्मा नीट करून ते पुढे वाकले.

‘पडला की परत उठतोय का त्ये?’

‘उठतो ना अप्पा,’ निलेश म्हणाला. ‘कितीही वेळा पडला तरी.’

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. तो माणूस विजार झटकून उभा राहिला होता, दोन्ही हात वर करून.

‘बरंय त्याचं,’ अप्पा म्हणाले.